मधुमेह आणि देहातील वीजघर

मधुमेह हा शब्द उच्चारताच आपल्याकडील बहुतेक घरांत प्रथम साखरेचा डबा आठवतो. रोग्याचा चहा बिनसाखरेचा झाला, सणावारी त्याच्या पानात पुरणपोळी वाढावयाची थांबली, की घरच्या मंडळींस आपले कर्तव्य संपल्यासारखे वाटते. या समजुतीत तथ्य अगदीच नाही असे नव्हे. परंतु ती अपुरी आहे, आणि तिच्यापायी रोग्याचे जे हाल होतात ते आम्ही आप्तेष्टांत पुष्कळ पाहिले आहेत. रक्तात साखर वाढणे हे या रोगाचे लक्षण होय. रोगाचे घर त्याच्या पलीकडे आहे. ते कोठे आहे हे कळल्यावाचून अंगात एवढी साखर असताना माणूस गळून का जातो, रात्री लवकर जेवूनही सकाळी साखर चढलेली का निघते, आणि एकच उपवास एकाला सोसतो तर दुसऱ्याच्या जिवावर का बेततो, या नित्याच्या प्रश्नांचा उलगडा होत नाही. तो यथामति करून पाहण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही वैद्य नव्हे. मुलांना शब्द आणि धातू घोकावयास लावण्यात आमचा जन्म गेला. तेव्हा औषधयोजना ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडेच राहील, हे आरंभीच सांगून ठेवतो.

हा रोग आता थोडक्यांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख, व त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची १३ कोटी ६० लाख धरली आहे. आपल्या शेजारच्या गोव्यात तर दर शंभर प्रौढांत २६ मधुमेही आढळले. हे प्रमाण सर्व राज्यांत अधिक होते. एकत्र कुटुंबाच्या पंगतीत अशी दोन-तीन पाने असणे आता नवलाचे नाही. शिजविणारा हात एक, भांडे एक, सणवार एक. म्हणून हा विषय एकट्या रोग्याचा नसून सबंध घराचा आहे.

आपल्या पूर्वजांस हा रोग चांगला परिचित होता. चरकाने प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात ही खूण त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. सुश्रुताने केलेला भेद याहून मार्मिक आहे. एक प्रमेह जन्मजात, बीजदोषाने येणारा. त्याचा रोगी कृश. दुसरा अपथ्याने जडणारा. त्याचा रोगी स्थूल. आजचे डॉक्टर ज्यांस पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात त्यांच्याशी हा भेद बराच जुळतो. शिवाय अन्न पोटात पचले म्हणजे काम आटोपले असे आपल्या वैद्यकाने कधी मानले नाही. रस, रक्त, मांस इत्यादी सात धातूंपैकी प्रत्येकाचा निराळा अग्नी असून अन्नाचा परिपाक तेथे पुन्हा होतो असे ते सांगते. यावरून प्राचीनांस आजचे सारे रसायनशास्त्र अवगत होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाही. त्या बिचाऱ्यांजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता आणि काटेकोर मापेही नव्हती. परंतु अन्नाचे खरे ज्वलन अंगाच्या कणाकणांत चालते, ही जी दिशा त्यांनी धरली ती चुकीची नव्हती.

त्या कणाकणांतील ज्वलनाची कल्पना येण्यास आमच्या कर्जत-खालापूरकडील माणसाला दूर जावयास नको. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांचे पाणी घाटमाथ्यावरून प्रचंड नळांतून सुमारे १७०० फूट खाली खोपोलीस उतरते, तेथे चक्रांवर आदळते, चक्रे फिरतात आणि वीज निर्माण होते. टाटांचे हे वीजघर १९१५ साली सुरू झाले व मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे १९२२ साली ठोकरवाडीच्या पाण्यावर कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर उभे राहिले. काम आटोपलेले पाणी खोपोलीस पाताळगंगेला आणि भिवपुरीस उल्हास नदीला मिळते. आम्ही शाळेत असता मुलांना त्या नळांच्या पायथ्याशी नेऊन एक प्रश्न हटकून विचारीत असू : वर तलाव तुडुंब भरला आहे, आणि माथ्यावरची झडप बंद आहे; तर खाली काय होईल? मुले एकमुखाने म्हणत, अंधार. मधुमेहाचे वर्म या एका उत्तरात बरेचसे आले आहे.

आपल्या देहातील बहुतेक पेशींत अशी वीजघरे असतात. स्नायू, हृदय व यकृत यांच्या पेशींत तर ती शेकड्यांनी व हजारांनी मोजावी लागतात. त्यांस तंतुकणिका म्हणतात. येथेही एक बांध आहे, तो म्हणजे तंतुकणिकेचे आतले पटल. अन्नापासून मिळालेल्या शक्तीच्या जोरावर हायड्रोजनचे भारित कण, म्हणजे प्रोटॉन, या बांधापलीकडे उपसून साठविले जातात. ते उताराने परत येतात ते एका अतिसूक्ष्म चक्रातून. चक्र फिरते, आणि एटीपी नावाचे द्रव्य घडते. ही उपमा आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली अशीच कल्पना मांडली, आणि १९७८ साली त्यास तिजबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्या फिरत्या चक्राचे कार्य उलगडणारे पॉल बॉयर व जॉन वॉकर यांस ते १९९७ साली मिळाले. एटीपी हीच देहाची वीज. बोट हलविणे, श्वास घेणे, हे वाक्य वाचून समजणे, सारे तिच्या खर्चाने चालते. ती साठवून ठेवता येत नाही. माणूस दिवसाकाठी जवळजवळ आपल्या वजनाइतके एटीपी घडवितो आणि मोडतो. हे द्रव्य १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान याने आणि अमेरिकेत हार्वर्ड येथे सायरस फिस्के व यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी ओळखले. हे सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. त्यांचे नाव आपल्या शाळकरी मुलांस ठाऊक नसावे याचे आम्हांस नेहमी वाईट वाटत आले आहे.

आता साखर तेथवर पोहोचते कशी, ते पाहू. चुलीत लाकूड जळते तशी पेशीत साखर भडकन जळत नाही. ती पायरीपायरीने मोडली जाते, आणि प्रत्येक पायरीवर एकेक विकर काम करीत असते. विकर म्हणजे एन्झाइम. 'वि' उपसर्गासह 'कृ' धातू, म्हणजे पालट घडवून आणणारे. भाताचा कोरडा घास बराच वेळ चघळला की गोड लागू लागतो, तो लाळेतील विकराचा प्रताप. विकर स्वतः खर्ची पडत नाही. परंतु ते सुस्त पडले की तेथली पायरी अडते, आणि मागची सारी रांग तुंबते.

स्नायूच्या पेशीचे दार आतून उघडावे लागते. स्वादुपिंडातून निघणाऱ्या इन्शुलिनचा निरोप पोहोचला म्हणजे साखर आत घेणारे वाहक पेशीच्या खोलातून पृष्ठभागावर येतात. आत आलेल्या ग्लुकोजला हेक्सोकायनेज नावाचे विकर फॉस्फेटची गाठ मारते, म्हणजे ते पुन्हा बाहेर निसटू शकत नाही. येथून एकंदर दहा पायऱ्या उतरल्यावर एका ग्लुकोजचे दोन तुकडे होतात. त्यांस पायरुव्हेट म्हणतात. एवढ्या खटाटोपातून निव्वळ दोन एटीपी हाती लागतात. खरी कमाई पुढे वीजघरात आहे; तेथवर पोहोचल्यास एका ग्लुकोजमागे सुमारे तीस.

परंतु वीजघराच्या तोंडाशी एक सांधा आहे. येथे कर्जतच्या वाचकांनी आपला लोहमार्ग आठवावा. मुंबईहून आलेली गाडी कर्जत सोडून पळसदरीस पोहोचली की रूळ दुभागतात. एक फाटा खोपोलीस जाऊन संपतो, आणि दुसरा १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गाने लोणावळ्यास चढतो. सांधा ज्या बाजूस लावला असेल त्या बाजूस गाडी जाते. गाडीची इच्छा तेथे चालत नाही. पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे विकर म्हणजे देहातील पळसदरीचा सांधा होय. तो मोकळा असला तर पायरुव्हेटचे रूपांतर होऊन ते तंतुकणिकेतील ज्वलनचक्रात शिरते, आणि मग त्यापासून पुन्हा साखर कधीही बनत नाही. तो बंद असला तर पायरुव्हेट माघारी वळते; त्याचे लॅक्टिक आम्ल बनते, किंवा यकृतात जाऊन त्याचीच पुन्हा साखर होते. हा सांधा लावणारे व काढणारे दोन नोकर आहेत. एक विकर त्यावर फॉस्फेट बसवून तो बंद करते. दुसरे ते फॉस्फेट काढून तो खुला करते. इन्शुलिनचा कल दुसऱ्या नोकराकडे असतो.

या लेखातील मुख्य गोष्ट आता सांगावयाची आहे. तीन-चार दिवस ज्याच्या पोटात अन्न नाही अशा निरोगी माणसाच्या देहात काय घडते, ते अभ्यासकांनी बारकाईने पाहिले आहे. त्याचे इन्शुलिन उतरते. स्नायूंतील सांधा बंद होतो, कारण उरलीसुरली साखर मेंदूसाठी राखावयाची असते. यकृतात साखर पकडणारे ग्लुकोकायनेज हे विकर घटते, आणि साखर घडवून बाहेर सोडणारी विकरे वाढतात. चरबी फोडणारे विकर मोकाट सुटते, आणि स्नायू त्या चरबीवर गुजराण करू लागतात. दुष्काळात शहाण्या गृहिणीने धान्याच्या कणगीस कुलूप घालावे तशी ही व्यवस्था आहे, आणि तिच्यामुळेच मनुष्यजात अनेक दुष्काळांतून तगली. मधुमेहात रक्त साखरेने ओसंडत असता हीच सगळी फर्माने सुटतात. कारण देहास सुकाळ आहे की दुष्काळ, हे पेशी मुख्यतः इन्शुलिनच्या निरोपावरून ठरवितात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात तो निरोप निघतच नाही. दुसऱ्या प्रकारात निघतो, पण ऐकणारे कान बधिर झालेले असतात, आणि म्हणून हे सारे तेथे अर्धेमुर्धे व सावकाश घडते. एकूण काय, कोठार भरलेले आणि घरात दुष्काळाचा हुकूम!

वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आता आपोआप मिळतात. रात्री भात टाळूनही सकाळी साखर चढलेली असते, ती यकृताने दुष्काळ समजून रातोरात घडविलेली असते. सूनबाईने चोरून काही खाऊ घातले, किंवा सासूबाईंनी लाडवाच्या डब्यात हात घातला, असा संशय घेऊन घरात जे रुसवेफुगवे होतात त्यांतले पुष्कळसे या एका माहितीने टळतील. माणूस गळून जातो, कारण साखर रक्तात आहे, वीजघरात नाही. निरोगी माणसाच्या सबंध रक्तात उपाशीपोटी अवघी चमचाभर साखर असते हे लक्षात घेतले, म्हणजे थोडासा तुंबाराही केवढा ठरतो ते कळेल.

याहून गंभीर गोष्ट पहिल्या प्रकारच्या, म्हणजे बहुधा कोवळ्या वयातील रोग्यांची. इन्शुलिन मुळीच नसले तर चरबी इतकी फुटते की यकृतास ती पुरती जाळता येत नाही. तिच्यापासून कीटोन नावाची आम्ले बनून रक्त आंबट होते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशा मुलांना अत्यल्प आहारावर ठेवून थोडे दिवस काढणे एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. म्हणजे ज्याच्या पेशी आधीच उपाशी, त्यालाच आणखी उपाशी ठेवावयाचे. आज इन्शुलिन उपलब्ध असताही एक घातक चूक घरोघर होताना दिसते. मुलास ताप आला, तो जेवला नाही, म्हणून त्या दिवशीचे इन्शुलिन कोणी वडीलधारे माणूस प्रेमापोटी बंद करविते. तापात इन्शुलिनची गरज पुष्कळदा वाढते. मात्रा किती, हे डॉक्टरांस तत्काळ विचारावे. पण अशा मुलाचे इन्शुलिन आपल्या विचाराने सर्वस्वी बंद कधीही करू नये. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, आणि श्वासाला अतिपक्व फळासारखा वास, ही लक्षणे दिसताच घटकाभरही न थांबता इस्पितळ गाठावे. कारल्याचा रस व जांभळाच्या बियांचे चूर्ण यांच्या भरवशावर अशा मुलाचे इन्शुलिन थांबवा असे सांगणारा कोणी दारी आला, तर त्यास दाराबाहेरूनच निरोप द्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्नायूंचे दार असे बंद असता डोळ्याचे भिंग, मज्जातंतू, मूत्रपिंड आणि नेत्रपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या यांची दारे मात्र सताड उघडी असतात. तेथे साखर शिरावयास इन्शुलिनची परवानगी लागत नाही. म्हणून एका अवयवात दुष्काळ आणि दुसऱ्यात महापूर, असा चमत्कारिक प्रकार होतो. भिंगात आल्डोज रिडक्टेज हे एरवी जवळजवळ निष्क्रिय असलेले विकर त्या पुराने जागे होते व साखरेचे सॉर्बिटॉल बनवू लागते. मोतीबिंदू अकाली येण्यास जी कारणे होतात त्यांत हे एक मानले जाते. अमेरिकेतील मायकेल ब्राउनली यांनी असे मांडले की, रक्तवाहिन्यांच्या पेशींतील वीजघरांवर साखरेचा असा लोट आला म्हणजे तेथून ऑक्सिजनचे दाहक कण उसळतात, ते साखर मोडण्याच्या मधल्याच पायरीवरील एका विकरास जायबंदी करतात, आणि तुंबलेला माल भलत्या वाटांनी बाहेर पडून नासधूस करतो. याखेरीज साखर विकरावाचूनही प्रथिनांस चिकटते. रक्तातील हिमोग्लोबिनला ती किती चिकटली आहे हे मोजूनच डॉक्टर मागील दोन-तीन महिन्यांची साखर सांगतात. चाचणीच्या आदल्या दोन दिवशी पथ्य पाळून ती फसत नाही, हे काही चतुर वडीलधाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

येथे एक शंका उद्भवते. मुळात वीजघरेच दुबळी असतात म्हणून मधुमेह होतो, की मधुमेहामुळे ती दुबळी होतात? अमेरिकेतील येल विद्यापीठात मधुमेही आईबापांच्या धडधाकट, सडपातळ, पण इन्शुलिनला दाद न देणाऱ्या मुलांचे स्नायू तपासण्यात आले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत एटीपी घडण्याचा वेग सुमारे तीस टक्क्यांनी कमी निघाला. तेव्हा दोष वीजघराचाच, असे वाटू लागले. परंतु २००८ साली मेयो क्लिनिकमधील श्रीकुमारन नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील भारतीयांच्या स्नायूंची तुलना उत्तर युरोपीय वंशाच्या अमेरिकनांशी केली. भारतीय इन्शुलिनला कमी दाद देत होते, आणि तरीही त्यांच्या तंतुकणिकांची एटीपी घडविण्याची क्षमता उलट अधिकच निघाली! या वादाचा शेवट झाला असे म्हणता येणार नाही. परंतु आपल्या लोकांत तरी प्रथम बिघडते ती निरोपाची व झडपेची व्यवस्था, असे मानण्यास यामुळे बळकटी येते.

मग ती आपल्याकडेच एवढी का बिघडावी? याचा शोध कर्जतहून घाट चढून गेले की लागणाऱ्या पुण्यात झाला आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास चालविला. जन्मलेल्या अर्भकांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडातील बाळांच्या मानाने पुष्कळच कमी. पण स्नायू व हाडे यांत जेवढी तूट होती तेवढी चरबीत नव्हती. दिसावयास कृश, आतून स्थूल, अशी ही बाळे. सुश्रुताचे दोन्ही रोगी एका देहात नांदावेत असा हा प्रकार आहे. डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे उदाहरणही जगापुढे ठेवले. २००४ साली त्यांनी व लंडनचे डॉ. यडकिन यांनी आपले छायाचित्र छापले. दोघांचे उंचीशी वजनाचे प्रमाण तंतोतंत सारखे, परंतु चरबी यडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा 'आम्ही काही लठ्ठ नाही' असे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एकदा करदोऱ्याकडे पाहावे.

याच अभ्यासातील दुसरी गोष्ट आमच्यासारख्या शाकाहारी घरांना थेट लागू पडते. त्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश स्त्रियांत 'ब-१२' जीवनसत्त्व कमी निघाले. आणि ज्या मातांत 'ब-१२' कमी पण फोलिक आम्ल अधिक होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देणारी आढळली. तंतुकणिकेतील एक विकर 'ब-१२' वाचून कामच करू शकत नाही. हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नाही. शाकाहाऱ्यास ते दूध, दही, ताक यांतूनच मिळावयाचे. घरातील दूध प्रथम पुरुषांच्या चहात, मग मुलांच्या पेल्यात, आणि उरले तर सुनेच्या वाटीत, ही वाटणी ज्या घरांत अद्याप चालते त्या घरांनी या निष्कर्षाचा विचार करावा. मधुमेहावर सर्वत्र दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने 'ब-१२' शोषण आणखी मंदावते. त्यामुळे पायाला मुंग्या येतात, आणि दोष सारा साखरेच्या माथी मारला जातो. गोळी सोडू नये. 'ब-१२' तपासून घ्यावे.

भाताविषयी न लिहिले तर आमच्या तालुक्याचा अपराध होईल. कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे. 'कर्जत-१८४', 'कर्जत-३' ही बियाणी शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. पूर्वी येथील माणूस दोन्ही वेळा भाताची रास जेवी आणि लावणीच्या चिखलात, झोडणीच्या खळ्यावर ती जिरवी. आता पुष्कळ शेतांवर शहरवासीयांचे बंगले उभे राहिले, अंगमेहनत सुटली, आणि भाताची रास तेवढी ताटात राहिली. त्यातही तांदूळ पॉलिशचा. वर वर्णिलेल्या सांध्याचे विकर 'ब-१' जीवनसत्त्वावाचून चालत नाही, आणि ते असते तांदळाच्या कोंड्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमन या डच डॉक्टरास सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना दिसल्या. त्या निरीक्षणास पुढे १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहींच्या मूत्रावाटे हे जीवनसत्त्व अधिक वाहून जाते असेही आढळले आहे. 'ब-१' च्या गोळ्यांनी मधुमेह जातो असे मात्र सिद्ध झालेले नाही. हातसडीचा किंवा कोकणी उकडा तांदूळ घ्यावा. पण तोही भातच आहे, हे वाढणाऱ्याने विसरू नये.

उपवासासंबंधीही थोडे सांगणे प्राप्त आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्याच्या बाबतीत थट्टेची राहत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. वरईचे तांदूळ आणि बटाटा यांचीही जात तीच. आणि जो खराच निर्जळी उपवास करतो, त्याने इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरविणारी गोळी नित्याप्रमाणे घेतली असेल, तर दुपारपर्यंत त्याचा मेंदूच उपाशी पडतो : घाम, कंप, बरळणे, बेशुद्धी. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या माणसाच्या तोंडात प्रथम साखर घालावी आणि व्रतभंगाची चर्चा मागाहून करावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता डॉक्टरांकडे न्यावे. धर्मशास्त्राने रोग्यास सवलत दिली आहे, हे घरच्या आजीबाईंस कोणी तरी नीट समजावून सांगितले पाहिजे.

राहता राहिली चालण्याची गोष्ट. स्नायूंच्या दाराला इन्शुलिनखेरीज आणखी एक किल्ली आहे. स्नायू आकुंचन पावू लागला, त्यातील एटीपी खर्च होऊ लागले, म्हणजे आतले एक विकर ती टंचाई ओळखते आणि इन्शुलिनच्या निरोपाची वाट न पाहता साखरेचे वाहक दारापाशी पाठविते. ही वाट मधुमेहातही बहुधा शाबूत राहते. व्यायाम थांबला तरी त्याचा गुण दिवस-दीड दिवस टिकतो, म्हणून चालणे रोजचे हवे. आठवड्यातून एकदा माथेरान चढून ते भागत नाही. सुश्रुताने निर्धन प्रमेह्यास शंभर योजने चालावयास, नाही तर विहीर खणावयास सांगितले आहे, आणि त्याबरोबरच कृश रोग्यास मात्र जपावे, अशी ताकीद दिली आहे. या दोन्ही गोष्टींपुढे आम्ही नम्र आहो. परंतु ही पायपीट त्याने अनवाणी सांगितली आहे, तेथे मात्र आमचा त्याच्याशी मतभेद आहे. मज्जातंतू बधिर झालेल्या पायात बांधावरची बाभळीची काटी मोडली तरी कळत नाही, आणि ज्या जखमा पुढे पाय कापावयास लावतात त्यांचा आरंभ बहुधा अशाच एखाद्या काट्यापासून होतो. चालावयास निघताना पायात मऊ, बंद जोडे असावेत, ते घालण्यापूर्वी झटकून घ्यावेत, आणि रात्री निजण्यापूर्वी घरातील एखाद्या नातवंडाने आजोबांचे तळवे दिव्यापाशी नीट पाहावेत.